सात हलत्या भागांची गाडी

ऑटो युनियन १००० एसपी रोडस्टर पहिल्यांदा पाहणारा तिला अमेरिकन समजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मागच्या बाजूला उंच होत गेलेले फिन, त्यांच्या टोकाला गोल लाल दिवे, दोन्ही कडांना वळवून घेतलेली पुढची काच, लांब सपाट बॉनेट. १९५५च्या फोर्ड थंडरबर्डचा सगळा थाट तिनं उचलला आहे. पण बॉनेट उघडलं की थंडरबर्डच्या ४.८ लिटर व्ही-८च्या जागी ९८१ सीसीचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन दिसतं. जर्मन लोकांनी तिला ‘नॅरोगेज थंडरबर्ड’ असं नाव पाडलं होतं. मला ते नाव कधीच पटलं नाही. कपडे अमेरिकेचे असतील, पण या गाडीची हाडं सॅक्सनीची आहेत आणि तिची खरी गोष्ट त्या हाडांत आहे.

आउडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वाँडरर या चार कंपन्या १९३२ साली एकत्र आल्या, चार कड्यांची खूण घेतली आणि ऑटो युनियन झाल्या. कारखाने बहुतेक पूर्वेकडच्या सॅक्सनीत. युद्ध संपल्यावर तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला, यंत्रं उखडून नेली गेली आणि १९४८मध्ये केम्निट्सच्या नोंदवहीतून कंपनीचं नावही काढून टाकलं गेलं. पश्चिमेला गेलेल्या मंडळींनी बव्हेरियातल्या इंगोलश्टाटला सुट्या भागांचं कोठार थाटलं आणि १९४९मध्ये त्यातूनच नवी ऑटो युनियन उभी केली. मोटारी डुसेलडॉर्फला बनू लागल्या. हातात भांडवल नव्हतं. होता तो युद्धापूर्वीच आखून ठेवलेल्या एका मोटारीचा विचार. डीकेडब्ल्यू एफ-९ ही तीन सिलिंडरची गाडी बाजारात यायच्या आतच युद्ध सुरू झालं होतं. १००० एसपीचं इंजिन त्याच वंशातलं.

ते इंजिन समजून घ्यायला फार वेळ लागत नाही, आणि मला त्याची थोरवी तिथेच वाटते. तीन पिस्टन, तीन कनेक्टिंग रॉड, एक क्रँकशाफ्ट. इंजिनाच्या गाभ्यात हलणारे भाग एवढे सातच. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच खाली-वर होताना उघडतो आणि झाकतो. ताजं मिश्रण तिरकं आत शिरतं, समोरच्या भिंतीवरून वर वळतं आणि जळलेला वायू बाहेर ढकलतं. ही श्न्युर्ले पद्धत; डीकेडब्ल्यूनं तिचे हक्क तीसच्या दशकाच्या सुरुवातीला घेतले होते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दर फेरीला ताकद देतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. म्हणजे तीन सिलिंडर सहाचं काम करतात, आणि म्हणूनच आधीच्या मॉडेलवर कंपनीनं ‘३=६’ असं लिहिलं होतं. जाहिरातीतलं गणित क्वचित इतकं सरळ असतं. तीन सिलिंडरना तीन इग्निशन कॉइल. ताकद ५५ पीएस, वेग ताशी १४० किलोमीटरपर्यंत.

बजाजची जुनी स्कूटर चालवलेल्यांना या गाडीतली एक गोष्ट लगेच ओळखीची वाटेल: पेट्रोलमध्येच ऑइल. चाळीस लिटरला एक लिटर. क्रँककेसमधून जाणारं मिश्रणच बेअरिंगना वंगण देतं. यातून एक पेच निघतो. लांब उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पेट्रोल थांबतं आणि त्याबरोबर ऑइलही, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतच राहतं. त्यावर उपाय म्हणून या गाड्यांत फ्रीव्हील असे. पाय उचलला की चाकं इंजिनापासून सुटतात, इंजिन आरामात टुकटुकत राहतं आणि गाडी मोकळी वाहत जाते. इंजिनानं गाडी आवरण्याची सवय असलेल्याला पहिल्या वळणावर धडकी भरावी असाच हा प्रकार. पण पुढच्या चाकांना जोर आणि मागे उंचावर आडवा पाटा बसवलेला ॲक्सल, त्यामुळे गाडी वळणावर ठाम राहते. १९५४ची युरोपीय रॅली मालिका वॉल्टर श्ल्युटरनं जिंकली, ती याच जातीच्या डीकेडब्ल्यूमधून.

बंद छताची कूपे १९५७च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आली आणि पुढच्या वर्षी विक्रीला लागली. बॉडी श्टुटगार्टच्या बाउर या कारखान्यात बनत, आणि किंमत बीटलच्या दुपटीहून जास्त होती. उघडी रोडस्टर १९६१मध्ये आली. १९६५पर्यंत कूपे पाच हजार निघाल्या, रोडस्टर फक्त १,६४०.

तिची एक बहीण पूर्वेला होती, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याच एफ-९चा वारसा पूर्व जर्मनीकडेही राहिला होता. आयझेनाखच्या कारखान्यानं त्यातून वार्टबुर्ग घडवली, आणि १९५७मध्ये वार्टबुर्ग ३१३ ही उघडी स्पोर्ट मोटार काढली. तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ५० पीएस. १९६०पर्यंत अवघ्या ४६९ झाल्या. एकाच आराखड्याच्या या दोन लेकी सीमेच्या दोन बाजूंना, एकमेकींपासून तुटलेल्या व्यवस्थांत वाढल्या आणि दोघींनीही उघड्या हुडाची, चैनीची गाडी व्हायचं ठरवलं. जिथे साध्या मोटारीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत होते, त्या देशात ३१३ बनली याचं मला आजही नवल वाटतं. माझ्या मते देखणेपणात तीच सरस आहे. फिनचा मोह तिनं आवरला आहे.

पश्चिमेकडच्या बहिणीला मारलं ते तिला सुधारण्याच्या प्रयत्नानं. ऑइल मोजून ओतण्याचा त्रास ग्राहकाला नको म्हणून कंपनीनं १९६१च्या सुमारास ल्युब्रिमॅट आणलं. ऑइलची वेगळी टाकी, आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे ऑइल सोडणारा पंप. कल्पना चांगली होती. मग १९६२-६३चा कडाक्याचा हिवाळा आला. थंडीत ऑइल घट्ट झालं, बेअरिंगपर्यंत पुरेसं पोचेना, आणि कंपनीच्या टू-स्ट्रोक मोटारींची इंजिनं खराब होऊ लागली. भरपाईचा खर्च झालाच, त्याहून मोठी गेली ती पत. निळा धूर लोकांना आधीच खुपू लागला होता. त्या वेळी कंपनी डायम्लर-बेंझच्या हातात होती; पुढे ती फोक्सवॅगनकडे गेली. डीकेडब्ल्यू एफ-१०२च्या बॉडीत मर्सिडीजच्या अभियंत्यांनी आखलेलं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं गेलं आणि १९६५मध्ये ती मोटार आउडी या नावानं बाहेर पडली. वीस-पंचवीस वर्षं निजलेलं नाव जागं झालं, आणि त्याच वर्षी एसपी बंद झाली.

हौशी माणसं या रोडस्टर आजही सांभाळतात. गाभ्यातले सात भाग ही सोय आहे, पण त्यातला सातवा, क्रँकशाफ्ट, सगळ्यात अवघड. तो तुकडे दाबून जोडलेला असतो आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. बेअरिंग गेलं की तो प्रेसखाली उकलून परत तंतोतंत सरळ बसवावा लागतो, आणि हे काम जाणणारे हात थोडे उरले आहेत. म्हणून काही मालक ल्युब्रिमॅटवर विसंबतच नाहीत. ते टाकीतच ऑइल ओततात, पहिल्यासारखं मोजून.