पिंजरे धुतले आणि बीजांडं बिघडली

ऑगस्ट १९९८. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांचा अभ्यास करत होत्या. बीजांड पक्व होताना गुणसूत्रं मधोमध ओळीने उभी राहावी लागतात. तिथे चूक झाली की गर्भ बहुधा टिकत नाही. निरोगी माद्यांमध्ये ही चूक शेकडा एक-दोन बीजांडांत आढळते. ती एकाएकी चाळीसवर गेली, तीही ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं अशा माद्यांमध्ये. बराच शोध घेतल्यावर कारण सापडलं. फरशी पुसायच्या जहाल साबणाने पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या धुतल्या गेल्या होत्या. त्याने पॉलिकार्बोनेट प्लास्टिक खराब झालं आणि त्यातलं बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, उंदरांच्या पोटात गेलं.

बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, हे १९३६ सालीच लंडनचे संशोधक चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं होतं. तरीही पुढे त्याच रसायनापासून बाटल्या, डबे घडवले गेले. मला सर्वांत अस्वस्थ करतो तो हंट यांच्या गटाचा २००७ सालचा निष्कर्ष. गाभण उंदरिणीला बीपीए दिलं, तर तिच्या पोटातल्या मादी पिल्लांची बीजांडंही बिघडतात. बाईच्या बाबतीतही मुलीची बीजांडं आईच्या पोटातच तयार होतात. म्हणजे एका गरोदर बाईबरोबर लेक आणि नातवंडं अशा पुढच्या दोन्ही पिढ्या त्या रसायनाच्या वाटेत येतात.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. पुरावा लघवीच्या तपासण्यांतून जुळवावा लागतो. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट्स या दुसऱ्या रसायनांचं प्रमाण गरोदरपणी ज्यांच्यात जास्त होतं, त्यांच्या मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या घडणीत सूक्ष्म फरक दिसल्याचं संशोधक शॅना स्वॉन यांनी २००५ मध्ये नोंदवलं. हा संबंध आहे, शेवटचा पुरावा नव्हे. पण तो दुर्लक्षून चालणार नाही.

बीपीएचं नाव खराब झाल्यावर उत्पादकांनी त्याचीच भावंडं वापरायला घेतली. हंट यांच्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्रयोगशाळेत पुन्हा तशीच गडबड झाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. या वेळी बदललेल्या पिंजऱ्यांतून बिस्फेनॉल एस पाझरत होतं. त्यामुळे ‘बीपीए फ्री’ या लेबलवर मी विसंबत नाही.

आता आपल्या लग्नाच्या हॉलबाहेर उन्हात रचलेले वीस लिटरचे जार आठवा. त्यांतले अनेक पॉलिकार्बोनेटचे असतात. पुन्हा पुन्हा भरले जातात, धुतले जातात, टेम्पोत तापतात. उष्णता आणि जहाल साबणातली अल्कली, दोन्हींनी हे प्लास्टिक लवकर झिजतं. बीपीए काही तासांत लघवीवाटे बाहेर पडतं हे खरं, पण रोज नव्याने आत जात असेल तर त्याचा उपयोग काय? चरे पडलेला, धुरकट झालेला जार परत करा आणि गरम पदार्थ स्टीलच्या डब्यातच भरा, एवढं घरात करता येतं.

बाकीचं काम सरकारचं आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बीपीए हद्दपार करण्याचा नियम केला, आणि त्याच नियमात इतर घातक बिस्फेनॉल्सही धरली. आपल्याकडेही एकेका रसायनामागे न धावता सगळ्या कुळालाच नियम लागू करायला हवा.