इतिहासाचा तास आणि हातातला मोबाईल



लढाई झाली ती पानिपतावर, परिषद भरली ती लंडनला. आमच्या गावात काय झाले? काहीच नाही! आपल्या पुष्कळ मुलांची अशी समजूत असते. ती घालवायची तर इतिहासाची मूळ साधने वर्गात यायला हवीत. पण आजवर ती होती पुण्या-मुंबईच्या दप्तरखान्यांत आणि मोठ्या ग्रंथालयांत. डोंगरकडेच्या दोनशिक्षकी शाळेला ती कोण दाखविणार? इंटरनेटने ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. फुकट मिळणाऱ्या अशा तीन साधनांविषयी आज बोलू.

पहिले साधन म्हणजे जिल्ह्याचे गॅझेटियर. मुंबई इलाख्याची गॅझेटियरे जेम्स कॅम्बेल ह्यांच्या संपादनाखाली निघाली. खानदेश व रत्नागिरीचे १८८० साली, नाशिकचे १८८३ साली, पुणे व साताऱ्याचे १८८५ साली, कोल्हापूरचे १८८६ साली. मराठवाडा आणि विदर्भ त्या इलाख्यात नव्हते. तेथील शिक्षकांनी राज्याच्या दर्शनिका विभागाने पुढे काढलेले ग्रंथ पाहावेत. ह्या विभागाच्या संकेतस्थळावर हे ग्रंथ वाचता येतात. पिके कोणती, आठवड्याचा बाजार कोठे, घाट कोणते, दुष्काळ केव्हा पडले, सारे त्यांत सापडते. भाषा बहुधा इंग्रजी आहे खरी. पण सबंध ग्रंथ थोडाच वाचायचा आहे! आपल्या तालुक्याचे एक पान घ्यावे, त्याचा मराठी सारांश फळ्यावर लिहावा आणि मुलांना म्हणावे, "जा, ह्यांतले आज काय उरले आहे ते आजोबांना विचारून या."

पण छापलेले आहे म्हणून ते सगळे खरे, असे मात्र मुलांना शिकवू नये. उदाहरण घेऊ. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावी बाजारात आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते मागितली आणि जाळून टाकली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. दोष मुख्यतः सावकारांवर आला. शेतसाऱ्याच्या बोज्यामुळे हे घडले नाही, असा निर्वाळा मिळाला.

आता वर्गाला विचारावे : सारा ठरविणारे कोण? सरकार. चौकशी नेमणारे कोण? तेही सरकारच! मग ह्या निर्वाळ्याकडे कसे पाहायचे? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा आपल्या कापसाला भाव चढला आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव उतरले, सावकारांनी हात आखडला. आणि ह्याच सुमारास नव्या पाहणीने साराही वाढला. एवढे फळ्यावर मांडले की सातवी-आठवीची मुले वाद घालू लागतात. तो वाद मोडू नये. इतिहास तेथेच सुरू होतो.

दुसरे साधन जनगणनेचे. २०११ च्या जनगणनेचे गाववार आकडे जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्या गावात घरे किती, स्त्रिया किती, पुरुष किती, लिहिता-वाचता येणारे किती, स्वतःची शेती करणारे किती आणि शेतमजूर किती, हे त्यांत मिळते. आकडे जुने आहेत, हीच संधी समजावी. मुलांनी एका आळीतली घरे मोजावीत आणि काय बदलले ते लिहावे. नागरिकशास्त्र व गणित दोन्ही एका फेरीत होतात.

तिसरे साधन संविधान सभेतील भाषणांचे. ही सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने संविधान स्वीकारले. तेथील चर्चेचा वृत्तांत संसदेच्या संकेतस्थळावर आहे. डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण शिक्षकांनी तरी वाचावेच. राजकारणात समता आणि समाजात व पोटापाण्यात विषमता हा विरोध फार काळ टिकू दिला, तर लोकशाहीच धोक्यात येईल, हा त्यातला इशारा. जनगणनेचे आकडे शेजारी ठेवून तो वाचला, तर धडा पाठ करावा लागत नाही.

आता व्यवहाराचे. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर हवी ती पाने मोबाईलमध्ये उतरवून घ्यावीत. एक पान छापून भिंतीवर लावले तरी महिनाभर पुरते. वर्गात एकच मोबाईल असला तरी काम भागते.

आणि एक महत्त्वाचे. ज्या मोबाईलवर गॅझेटियर येते, त्याच मोबाईलवर व्हॉट्सॲपवरून इतिहासाच्या नावाखाली भलतेसलते मजकूरही येतात. त्यांवर ना लेखकाचे नाव, ना साल. कधी एखाद्या जातीला, कधी एखाद्या धर्माला ते चीड आणतात, आणि गावातली जुनी सलोख्याची माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. मुलांना मोबाईलपासून दूर ठेवणे आता आपल्या हाती राहिलेले नाही. परंतु तीन प्रश्नांची सवय लावणे आपल्या हाती आहे : हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशासाठी लिहिले? सुप्याच्या कमिशनला जे प्रश्न वर्गाने विचारले, तेच ह्या मजकुरालाही विचारावेत.

श्रोत्यांतील पालकांनाही विनंती आहे. मुलगी घरी येऊन जुन्या बाजाराविषयी, विहिरीविषयी, दुष्काळाविषयी विचारू लागली, तर "अभ्यास कर" म्हणून तिला उठवू नका. ती अभ्यासच करीत आहे.