तांबेरा संशोधनात आभासी वास्तव : दूर राहून एकाच रेणूचा अभ्यास

गव्हावरील काळा (खोडावरील) तांबेरा पुसिनिया ग्रामिनिस या बुरशीमुळे होतो. भारतात निलगिरी व पळणीच्या डोंगरांत टिकून राहिलेले तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर द्वीपकल्पीय व मध्य भारतातील गव्हापर्यंत पोहोचतात. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या ‘यूजी ९९’ या वंशाने एसआर ३१ या जनुकाची प्रतिकारशक्ती निष्प्रभ केली. त्यामुळे पर्यायी जनुकांना महत्त्व आले.

आइनकॉर्न या प्राचीन गव्हातील एसआर ३५ हे असेच एक जनुक होय. त्याच्या प्रथिनाची त्रिमितीय रचना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. बुरशीचे विशिष्ट प्रथिन ओळखताच एसआर ३५ ची पाच प्रथिने एकत्र येऊन चक्राकार रचना करतात. तिच्यातून कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात व बाधित पेशी मरते. जिवंत पेशींवरच जगणाऱ्या बुरशीची वाढ तेथेच खुंटते.

दोन प्रथिने नेमकी कोठे जुळतात, हे सपाट पडद्यावर सहज उमगत नाही. एक भाग दुसऱ्याआड दडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रात विकसित झालेल्या ‘कायमेराएक्स’ या संगणक प्रणालीत हेडसेट लावून अशा रचनेभोवती फिरता येते. एकाने बैठक सुरू केली की इतर संशोधक आपापल्या ठिकाणाहून तीत सामील होतात. प्रत्येकाला इतरांच्या हातांच्या खुणा दिसतात. एकाने रेणू फिरवला की तो सर्वांसमोर फिरतो. वेगवेगळ्या राज्यांतील पैदासकार व रचनातज्ज्ञ त्यामुळे एकाच जागेवर बोट ठेवून चर्चा करू शकतात. हेडसेट नसलेल्यांना साध्या संगणकावरूनही सहभागी होता येते.

अर्थात, येथे दिसते ती रेणूची प्रतिकृती. शेतातील पीक नव्हे. चर्चेतून सुचलेला प्रत्येक बदल प्रयोगशाळेत, काचगृहात व शेवटी रोगप्रवण क्षेत्रात तपासावाच लागतो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी या रचनेतील बोध स्पष्ट आहे. बुरशीचे ते एक प्रथिन बदलले किंवा नाहीसे झाले, तर ओळख पटत नाही आणि एका जनुकावर विसंबलेला वाण रोगाला बळी पडू शकतो. म्हणून अनेक प्रतिकारक जनुके एकत्र आणलेल्या वाणांची निवड करावी. प्रतिकारक म्हणून शिफारस झालेल्या वाणावर तांबेरा दिसल्यास नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रास त्वरित कळवावे. बुरशीच्या नव्या वंशाचा सुगावा प्रथम शेतातच लागतो.