थेंबाचा कण होत नाही

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात सर्फॅक्टंट आणि मायक्रोइमल्शन यांवर प्रा. एस. के. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. चंडीगड असो वा पुणे, सर्फॅक्टंटच्या मदतीने इमल्शनमध्ये पॉलिमर बनवण्याचा विषय निघाला की एक समजूत हमखास कानावर येते.

गैरसमज : इमल्शन पॉलिमरायझेशनमध्ये मोनोमरचे थेंबच घट्ट होऊन पॉलिमरचे कण बनतात.

वस्तुस्थिती : नाही, बनत नाहीत! हार्किन्स यांनी १९४७ मध्ये आणि स्मिथ व एवर्ट यांनी १९४८ मध्ये हे मांडले, तरी थेंबांची आकृती फळ्यावर आजही निघते. थेंब १ ते १० मायक्रोमीटरचे; सर्फॅक्टंट रेणूंचे पुंजके, म्हणजे मिसेल, ५ ते १० नॅनोमीटरचे, पण संख्येने किमान लाखपट. साखळी सुरू करणारा रॅडिकल पाण्यात जन्मतो, म्हणून तो जवळजवळ नेहमी मिसेलमध्येच शिरतो. साखळी तिथे वाढते आणि तिला लागणारा मोनोमर थेंबातून पाण्यावाटे येत राहतो. थेंब हे फक्त कोठार.

एवढा आग्रह का? कारण नियंत्रित पॉलिमरायझेशनमध्ये ही चूक अख्खा प्रयोग बुडवते. इथे एक नियंत्रक प्रत्येक वाढत्या साखळीला आळीपाळीने निजवतो आणि जागवतो. म्हणून साखळ्यांची लांबी जवळपास सारखी राहते. पण नियंत्रक पाण्यात विरघळत नसेल, तर तो थेंबात अडकतो आणि साखळ्या दुसरीकडे मोकाट वाढतात. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून राफ्ट ही अशीच नियंत्रित पद्धत जाहीर झाली. तिच्या सुरुवातीच्या इमल्शन प्रयोगांत वर लाल थर साचे : तो रंग नियंत्रकाचाच होता.

यावर दोन मार्ग निघाले. मिनीइमल्शनमध्ये अल्ट्रासाउंडने थेंब ५० ते ५०० नॅनोमीटरपर्यंत फोडतात. तिथे मात्र थेंबाचाच कण होतो. दुसरा मार्ग २००२ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी दाखवला : नियंत्रकाला पाणी मानवणारी छोटी साखळी जोडली, आणि तोच सर्फॅक्टंटचेही काम करू लागला.

आणखी काही गैरसमज

*‘नियंत्रित म्हणजे साखळ्या मरतच नाहीत.’* मरतात, फक्त प्रमाण कमी. म्हणूनच आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये ‘जिवंत’ हे विशेषण इथे वापरू नये असे सुचवले.

*‘कोणताही साबण चालतो.’* तांब्याच्या उत्प्रेरकावर चालणाऱ्या एटीआरपी या नियंत्रित पद्धतीत सोडियम डोडेसिल सल्फेट उत्प्रेरकात ढवळाढवळ करते, त्यामुळे बरीच वर्षे ब्रिज ९८ सारखे विद्युतभाररहित सर्फॅक्टंट वापरले गेले. २०१७ मध्ये तांब्याला बांधणारा योग्य लिगँड निवडून तेच सल्फेट कामाला लावण्यात आले.

*‘मायक्रोइमल्शन म्हणजे बारीक इमल्शन.’* मायक्रोइमल्शन आपणहून बनते आणि टिकते. साधे इमल्शन आज ना उद्या फुटते.

*‘भिंतीचा इमल्शन रंग नियंत्रित पद्धतीनेच बनतो.’* त्यातला पॉलिमर सहसा साध्या, अनियंत्रित पद्धतीने बनतो.

प्रयोग फसला की तापमान आणि शुद्धता तपासायची सवय चांगलीच आहे. पण इमल्शनमध्ये त्याआधी एक प्रश्न विचारा : साखळी वाढते आहे तिथे नियंत्रक पोहोचला आहे का?