जैव तंत्रविद्येचे शालेय प्रयोगशिक्षण

सूक्ष्मजीव, पेशी, एंझाइमे व डीएनए यांच्या साहाय्याने उपयुक्त पदार्थ तयार करण्याच्या किंवा चाचण्या करण्याच्या तंत्रांस जैव तंत्रविद्या म्हणतात. या तंत्रांना लागणारी मूलभूत हस्तकौशल्ये माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रयोगांतून देणे, हे या शिक्षणाचे उद्दिष्ट होय. निर्जंतुक हाताळणी, अचूक मापन, क्रमिक विरलन (द्रावण टप्प्याटप्प्याने पातळ करणे), सूक्ष्मदर्शकाचा वापर, तुलनेसाठी नियंत्रण नमुना ठेवणे व निरीक्षणांची तत्काळ नोंद करणे, ही त्यांपैकी प्रमुख कौशल्ये आहेत.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात २०१७ मध्ये इयत्ता नववीच्या व २०१८ मध्ये दहावीच्या विज्ञानाच्या नव्या पाठ्यपुस्तकांत जैव तंत्रविद्येचा प्रकरणांत समावेश झाला. तथापि प्रकरण वाचून माहिती मिळते, हात तयार होत नाही. प्रयोगवहीत दुसऱ्याची निरीक्षणे उतरविणाऱ्या विद्यार्थ्यास प्रयोग का फसला, हा प्रश्न कधी पडतच नाही. हाताने काम करून शिकण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात झाला. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेच्या शालेय अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे विभाग असून पाणी, माती, रक्तगट इत्यादींच्या परीक्षणाचा त्यांत समावेश होतो. मुंबई येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) आंतरराष्ट्रीय जीवविज्ञान ऑलिंपियाडसाठी विद्यार्थ्यांची निवड व प्रशिक्षण करते. २००८ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली होती. तीत लेखी परीक्षेबरोबरच प्रयोगपरीक्षाही असते.

साधने : महागड्या उपकरणांवाचून हे शिक्षण अशक्य आहे, हा समज बऱ्याच अंशी निराधार आहे. निर्जंतुकीकरणासाठी प्रयोगशाळेतील ऑटोक्लेव्हमध्ये सु. १२१° से. तापमान १५ मिनिटे ठेवतात; प्रेशर कुकरमध्ये दाब किंचित कमी असल्यास वेळ वाढवून शालेय कामापुरते तेच कार्य साधते. किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रास म्हणजे अगरच होय. मीठ व भांडी धुण्याचा द्रव यांत कांदा किंवा केळे कुस्करून गाळले आणि गाळलेल्या द्रवावर थंड अल्कोहॉल हळूच ओतले, तर पांढरे तंतू वर येतात. हे तंतू शुद्ध डीएनए नसून त्यांत प्रथिने व इतर द्रव्येही असतात, हे विद्यार्थ्यांस सांगणे आवश्यक असते. क्रमिक विरलनासाठी ताक पुरते, तर यीस्टचा किण्वनवेग बाटलीवर बसविलेल्या फुग्याच्या फुगण्यावरून पडताळता येतो.

परिसरातील साहित्य : शाळेभोवतीच्या परिसरातून बरेचसे साहित्य मिळू शकते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. भातानंतर घेतल्या जाणाऱ्या वालाच्या मुळांवरील गाठी कापल्यास आतील गुलाबी रंगावरून नायट्रोजन स्थिर करणाऱ्या जंतूंचे कार्य चालू असल्याचे समजते. मोड आलेल्या नाचणीच्या अर्कातील एंझाइम स्टार्चचे विघटन करते. पेजेत हा अर्क मिसळून वेगवेगळ्या तापमानांस ठेवावा व नमुने थंड झाल्यावर त्यांत आयोडीन घालावे. कोमट नळीत निळा रंग फिका पडतो. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या नळीत तो टिकतो, कारण तेथे एंझाइम निकामी झालेले असते.

याच प्रयोगाची पुढची पायरी सावित्री नदीकाठच्या सव येथील उष्ण झऱ्यांमुळे सहज समजते. उष्ण पाण्यातही काही सूक्ष्मजीव जगतात व त्यांची एंझाइमे उष्णता सहन करतात. अमेरिकेतील यलोस्टोन येथील झऱ्यांतून मिळालेल्या व १९६९ मध्ये वर्णन केलेल्या थर्मस ॲक्वाटिकस  या जंतूचे असे एंझाइम पुढे पॉलिमरेझ शृंखला विक्रियेत वापरले गेले. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत डीएनएचे धागे सुटे करण्यासाठी प्रत्येक आवर्तनात सु. ९५° से. तापमान द्यावे लागते. सामान्य एंझाइम त्यात टिकत नाही. शालेय स्तरावर झऱ्याचे तापमान व अम्लता मोजून नोंदविणे पुरेसे असते.

पाणीपरीक्षण हा सर्वांत उपयुक्त पाठ ठरतो. मांजा, मौर्य व राव या भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हायड्रोजन सल्फाइड चाचणीत निर्जंतुक बाटलीतील प्रक्रिया केलेल्या कागदावर पाणी ओतून ती उबदार जागी ठेवतात. साधारण एक ते दोन दिवसांत ते काळे पडल्यास विष्ठाजन्य दूषणाचा संशय घेतात. विहिरीच्या पाण्याशेजारी उकळून थंड केलेल्या पाण्याची बाटली ठेवली नाही, तर काळेपणा विहिरीचा की अस्वच्छ बाटलीचा, हे ठरत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात बुडालेल्या महाडसारख्या भागात या भेदाचे महत्त्व परीक्षेतील गुणांहून अधिक आहे. पाणी काळे न पडणे हा मात्र ते निर्धोक असल्याचा पूर्ण पुरावा नव्हे. अंतिम निर्णय अधिकृत प्रयोगशाळेच्या तपासणीवरच घ्यावा लागतो.

दक्षता : शरीरातील जंतू शाळेत वाढवू नयेत. वाढणमिश्रणाच्या बशा चिकटपट्टीने बंद कराव्यात, ३७° से. ऐवजी २५° ते ३०° से. तापमानास ठेवाव्यात व न उघडता पाहाव्यात. टाकून देण्यापूर्वी त्या पुन्हा कुकरमध्ये निर्जंतुक कराव्यात. चाचणीच्या बाटल्यांत विरंजक द्राव घालावा. रक्तपरीक्षणात एका व्यक्तीस वापरलेली सुई दुसऱ्यास कदापि वापरू नये. जंतूंत परकी जनुके घालण्याचे प्रयोग काही पाश्चात्त्य शाळांत करविले जातात. भारतात जनुकपरिवर्तित जीवांची हाताळणी १९८९ च्या नियमांखाली येत असल्याने ते सामान्य शाळेच्या कक्षेबाहेरचे आहेत.

मूल्यमापन : या शिक्षणाची कसोटी तोंडपाठ व्याख्यांत नाही. ठराविक घनफळ पुन्हा पुन्हा तितकेच मोजता येणे, नियंत्रण नमुना न सांगता ठेवणे आणि अपेक्षेविरुद्ध आलेले निरीक्षण न खोडता नोंदविणे, या तीन गोष्टी ज्यास साधल्या, त्याला पुढे मोठ्या प्रयोगशाळेतील यंत्रे शिकणे कठीण जात नाही. शाळेत कुकर, बाटल्या व तापमापक एवढीच सामग्री असली, तरी शिक्षकाने आठवड्यातील काही तास प्रत्यक्ष कामासाठी राखल्यास ही पूर्वतयारी होऊ शकते.