फेज टू कधी, बॉस?

शब्द दोनच, पण त्या दोन शब्दांवर आपली अख्खी पिढी ईएमआय भरतेय. ‘फेज टू’! स्विमिंग पूल? फेज टूमध्ये. क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक, मुलांसाठी गार्डन? सगळं फेज टूमध्ये. तोवर फेज वनवाल्यांनी बाल्कनीत उभं राहून समोरच्या पत्र्याच्या कुंपणाकडे बघायचं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये अफवा ऐकायच्या. ‘बिल्डरकडे पैसेच नाहीत म्हणे.’ ‘नाही हो, परवानगी अडकलीय.’

पण ज्या जागेचा धंदाच स्वप्नं विकायचा आहे, तिथलंच फेज टू रखडलं तर काय होतं? मी बोलतेय पॅरिसच्या डिस्नेलँडबद्दल. युरोप टूरचा विषय निघाला की आजकाल प्रत्येक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक तरी एक्स्पर्ट सापडतो. तो सांगतो, आत्ता जाऊ नका, तिथं काम चाललंय. दुसरा म्हणतो, ते स्टार वॉर्सवालं रद्द झालंय. हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तर सरळ फोनच केला, “अगं, थांबू का अजून वर्षभर?” तिला मी तेव्हाच सांगून टाकलं, की तिकडच्या फेज टूच्या भरवशावर रजा टाकायची नसते. का, ते नीट सांगायचं तर गोष्ट थोडी जुनी आहे. पण सॉलिड आहे!

साल १९८७. मार्च महिना. फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान जाक शिराक आणि डिस्ने कंपनी यांच्यात करार झाला. पॅरिसच्या पूर्वेला साधारण ३२ किलोमीटरवर बीटाच्या शेतांची जवळपास १,९०० हेक्टर जमीन या प्रकल्पासाठी ठरली. म्हणजे पॅरिस शहराच्या एक पंचमांश! सरकारनं लोकल ट्रेन थेट पार्कच्या दारापर्यंत आणायचं कबूल केलं. १९८९च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजारात आला. किंमत ७२ फ्रँक. डिस्नेनं ४९ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला, बाकीचा पब्लिकला. त्या सोहळ्याला डिस्नेचे बॉस मायकल आयझनर पॅरिसच्या शेअर बाजाराच्या पायऱ्यांवर आले, तेव्हा निदर्शकांनी त्यांच्यावर अंडी फेकली. शेअर मात्र हातोहात खपले.

लोक नेमकं काय विकत घेत होते? एक पार्क नव्हे. प्लॅन असा होता, की पहिलं पार्क १९९२ला, दुसरं १९९५च्या आसपास, आणि त्यांच्याभोवती हॉटेलं, ऑफिसं, घरं, गोल्फ कोर्स. अख्खं शहरच म्हणा ना. आजूबाजूची ही मालमत्ता विकून कर्ज फेडायचं, असा हिशोब. थोडक्यात, फेज वनचं कर्ज फेज टू फेडणार होतं. ओळखीचं वाटतंय ना?

१२ एप्रिल १९९२ला ‘युरो डिस्ने’ उघडलं. तोपर्यंत रंगकर्मी आरियान म्नूश्किन यांनी त्याला ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ म्हणून झालं होतं. आपल्याकडे या प्रकरणाची जी स्टोरी सांगितली जाते ती इथंच संपते. फ्रेंच लोकांना मिकी आवडला नाही, पार्कात वाइन मिळत नव्हती म्हणून ते रुसले, वगैरे. वाइन मिळत नव्हती हे खरं आहे. १९९३च्या उन्हाळ्यात ती द्यायला सुरुवातही झाली. पण वाइनच्या ग्लासात एवढी मोठी कंपनी बुडत नाही हो! ती बुडत होती हॉटेलच्या रिकाम्या खोल्यांमध्ये.

उद्घाटनाच्या वेळीच तिथं सहा हॉटेलं आणि सुमारे ५,२०० खोल्या तयार होत्या. खोल्या दोन पार्कांच्या हिशोबानं, पार्क मात्र एक. एक पार्क एका दिवसात बघून होतं. प्रौढ माणसाचं तिकीट २२५ फ्रँक, खाणंपिणं वेगळं. मग फ्रेंच कुटुंब काय करणार? सकाळी ट्रेननं यायचं, दिवसभर बागडायचं आणि रात्री घरी. बाहेरून आलेले टुरिस्टही चाळीसेक मिनिटांत पॅरिस गाठू शकत होते, मग इथं रात्र कशाला काढायची? पहिल्याच हिवाळ्यात हजारावर खोल्यांचं ‘न्यूपोर्ट बे क्लब’ हॉटेल चक्क कुलूप लावून ठेवावं लागलं.

म्हणजे दुसरं पार्क ही हौस नव्हती. ते आलं की पाहुणा दोन रात्री राहणार, दोन रात्री राहिला की खोल्या भरणार, खोल्या भरल्या की व्याज निघणार. आणि नेमक्या त्याच वेळी फ्रान्समध्ये व्याजदर चढे होते आणि पॅरिसच्या प्रॉपर्टी मार्केटनं आपटी खाल्ली. जी ऑफिसं विकून कर्ज फिटणार होतं, त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. पैसे नाहीत म्हणून दुसरं पार्क नाही, आणि दुसरं पार्क नाही म्हणून पैसे नाहीत.

१९९३च्या आर्थिक वर्षात सुमारे ५३० कोटी फ्रँकचा तोटा जाहीर झाला. ऑक्टोबरमध्ये ९५० नोकऱ्या कापायची घोषणा झाली. आणि गंमत बघा, त्या कात्रीत राइडवर पट्टे बांधणारी पोरं नव्हे, तर मुख्यतः व्यवस्थापन आणि ऑफिसमधली माणसं आली. फेज टूचे नकाशे, बजेटं, प्रेझेंटेशन्स बनवणारी. तुमच्या-माझ्यासारखी! मग कुजबुज विस्तार लांबण्याची राहिली नाही, पार्कच बंद होणार याची सुरू झाली. डिस्नेनं जाहीर केलं होतं, की ३१ मार्च १९९४पर्यंत आम्ही पैसे पुरवू. आयझनर स्वतः म्हणाले, की बंद करण्यासकट सगळे पर्याय खुले आहेत. बँकांवर दबाव टाकण्याची ही खेळी होती, असं माझं मत. ती लागू पडली. मार्चमध्ये बँकांशी तडजोड झाली. डिस्नेनं आपली रॉयल्टी काही वर्षांसाठी सोडली. सौदी राजपुत्र अलवलीद बिन तलाल भागीदार म्हणून आले. पार्कचं नावही ‘डिस्नेलँड पॅरिस’ झालं. आणि दुसरं पार्क? ते गेलं गुपचूप कपाटात.

आता मला या अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात भारी वाटणारा भाग. अख्खं पार्क बांधायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी एक राइड बांधली. १ जून १९९५ला ‘स्पेस माउंटन’ सुरू झाली, ज्यूल व्हर्नच्या चंद्रावरच्या प्रवासाच्या थीमवर. त्याच वर्षी तिकीटही साधारण वीस टक्क्यांनी स्वस्त केलं. बस, एवढंच! आदल्या वर्षी ८८ लाखांवर घसरलेली गर्दी १ कोटी ७ लाखांवर गेली आणि कंपनीला पहिल्यांदा नफा झाला, ११ कोटी ४० लाख फ्रँक. लहानसा, पण नफा.

म्हणजे विस्तार लांबला ही वाईट बातमी होती असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ती तर या पार्कच्या आयुष्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट निघाली. हे मी उगाच बोलत नाही. लांबलेलं फेज टू शेवटी आलं तेव्हा काय झालं, ते ऐका.

सप्टेंबर १९९९मध्ये दुसऱ्या पार्कची घोषणा झाली आणि १६ मार्च २००२ला ‘वॉल्ट डिस्ने स्टुडिओज’ उघडलं. मूळ तारखेपेक्षा सात वर्षं उशिरा. खर्च सुमारे ६१ कोटी युरो. थीम सिनेमाच्या पडद्यामागची. आयडिया हटके होती आणि खर्चाच्या दृष्टीनं सोयीचीही, कारण स्टुडिओ म्हटलं की बाहेरून गोडाऊन दिसलं तरी चालतं. पण राइड आणि शो सगळे मिळून दहाच्या आसपास. पहिल्या पार्कातल्या गुलाबी राजवाड्याशी याची तुलना कोण करणार? वर ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पर्यटनाचा अख्खा धंदाच मंदावलेला. २००१मध्ये एकाच पार्कात १ कोटी २२ लाखांच्या आसपास लोक आले होते. २००३मध्ये दोन पार्क मिळून आकडा होता सुमारे १ कोटी २४ लाख. एक अख्खं नवीन पार्क, आणि फरक इतकासा! कर्ज पुन्हा २४० कोटी युरोच्या घरात. पुन्हा बँका, पुन्हा तडजोड, २००५च्या सुरुवातीपर्यंत. त्यानंतर या दुसऱ्या पार्कात ठिगळं लावणं चालूच राहिलं. २००७मध्ये ‘टॉवर ऑफ टेरर’, २०१०मध्ये ‘टॉय स्टोरी’, २०१४मध्ये ‘रॅटाटुई’.

खोपोली आठवली ना? मलाही! मनमोहन शेट्टींचं इमॅजिका एप्रिल २०१३मध्ये सुरू झालं. २०१४मध्ये वॉटर पार्क, २०१५मध्ये हॉटेल, २०१६मध्ये स्नो पार्क. तिथं फेज टू रखडलं असं कुणी म्हणू शकणार नाही, दरवर्षी काही ना काही उघडतच होतं. पण २०१५च्या आयपीओतच शेअरची किंमत खाली आणावी लागली, कर्जाचा बोजा वाढत गेला, मग कोविड आला, आणि २०२२मध्ये संगमनेरच्या मालपाणी ग्रुपनं ते ताब्यात घेतलं. ‘नायट्रो’वर किंचाळताना यातलं काहीच जाणवत नाही, ती राइड आजही माझी फेव्हरेट आहे. पण उधारीवरचं नवीन आकर्षण आणि गिऱ्हाइकाच्या पैशातून आलेलं नवीन आकर्षण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी दिसतं.

बरं, पॅरिसमध्ये या सगळ्याची किंमत मोजली कुणी? हिशोब करून बघू. समजा १९८९मध्ये एखाद्या फ्रेंच शिक्षकानं १०० शेअर घेतले. ७,२०० फ्रँक, म्हणजे युरोच्या भाषेत अंदाजे १,१००. डिसेंबर २००७मध्ये कंपनीनं दर शंभर जुन्या शेअरचा एक नवा शेअर केला. म्हणजे गुरुजींकडे उरला एक. जून २०१७मध्ये डिस्नेनं उरलेले सगळे शेअर विकत घेऊन कंपनी बाजारातून काढून घेतली, भाव दोन युरो. मधल्या काळात त्यांनी आणखी पैसे ओतले नसतील, तर अठ्ठावीस वर्षांनी हातात आले दोन युरो. पॅरिसमध्ये तेवढ्यात कॉफी येते, तीही काउंटरला उभं राहून. आणि मूळ डिस्ने कंपनी? मधली काही वर्षं वगळता तिला या पार्कच्या कमाईतून रॉयल्टी आणि मॅनेजमेंट फी मिळायची. पार्क नफ्यात असो वा तोट्यात.

म्हणून आत्ताच्या अफवा मी इतक्या शांतपणे ऐकते. फेब्रुवारी २०१८मध्ये एलिझे राजवाड्यात अध्यक्ष मॅक्रॉन यांच्यासोबत बॉब आयगर यांनी २०० कोटी युरोंचा विस्तार जाहीर केला. दुसऱ्या पार्कात मोठा तलाव आणि भोवती मार्व्हल, फ्रोझन आणि स्टार वॉर्सच्या तीन नगऱ्या. पहिला टप्पा २०२१पासून. मग कोविडमध्ये पार्क महिनोन् महिने बंद. मार्व्हलवालं जुलै २०२२मध्ये उघडलं. स्टार वॉर्सची नगरी खरंच यादीतून गेली, आणि २०२४मध्ये ‘लायन किंग’ची घोषणा झाली. फ्रोझनसाठी आणि त्यासोबत पार्कच्या ‘डिस्ने अॅडव्हेंचर वर्ल्ड’ या नव्या नावासाठी तारीख जाहीर झाली ती २९ मार्च २०२६. घोषणेनंतर आठ वर्षांनी! पण या वेळी उशिराचा भुर्दंड कुठल्या गुरुजींच्या खिशातून जात नव्हता. २०१७नंतर सगळं डिस्नेचंच. कर्ज त्यांचं, तारखा त्यांच्या, डोकेदुखीही त्यांची.

२०२३च्या शरदात मी तिथं गेले होते. दोन्ही पार्कांची गेटं एकमेकांपासून दोन मिनिटांवर आहेत. एकीकडे तो गुलाबी राजवाडा, दुसरीकडे कुंपणामागून डोकावणाऱ्या क्रेन. क्रेनकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळी गर्दी १९९२च्या पार्कात.

जाणार असाल तर पॅरिसहून ‘आरईआर’ ट्रेनची ए लाइन पकडा, मार्न-ला-व्हाली शेसी हे शेवटचं स्टेशन, उतरलात की समोर पार्कच. पहिल्या पार्कला पूर्ण दिवस ठेवा, शक्यतो शनिवार-रविवार टाळून. आणि तिकीट काढण्याआधी दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडची यादी नक्की बघा. फेज थ्रीबद्दल टूर गाइडनं काही सांगितलंच तर ऐकून घ्या, छान टाइमपास होतो.