झिर्कोनियमच्या पोटातला हायड्रोजन

१ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातल्या पिकरिंग अणुवीज केंद्रात दुसऱ्या अणुभट्टीची, इंधन आणि जड पाणी असलेली एक दाबनळी लांबीच्या दिशेने सुमारे दोन मीटर फाटली. तिला बाहेरच्या नळीपासून अलग ठेवणारी स्प्रिंगची कडी जागची हलली होती. त्यामुळे नळी वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली आणि तिच्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूत मुरलेले ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, त्या थंड जागी गोळा झाले. झिर्कोनियम हायड्राइडचे फोड धरले, ठिसूळ फोडांना तडे गेले. भट्टी सुखरूप बंद झाली. पण तेव्हापासून जड पाण्याच्या भट्ट्या चालवणारा प्रत्येक देश, आपणही, एकच प्रश्न विचारतो आहे: नळीत हायड्रोजन किती आणि कुठे?

क्ष-किरणांना तो जवळजवळ दिसत नाही. झिर्कोनियमच्या चाळीस इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत त्याच्या एकट्या इलेक्ट्रॉनाला कोण विचारतो? न्यूट्रॉनचे उलट आहे. हायड्रोजन त्यांना झिर्कोनियमच्या दहापटीहून अधिक विखुरतो. हायड्राइडमध्ये चार जड झिर्कोनियम अणूंच्या मधोमध तो स्प्रिंगला बांधल्यासारखा थरथरतो, आणि आदळून परतलेल्या न्यूट्रॉनांच्या वर्णपटात साधारण ०.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सारख्या अंतराने पायऱ्या उमटतात. अशी मोजणी भौतिकशास्त्रज्ञ बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी कॅनडातल्या चॉक रिव्हर प्रयोगशाळेत घडवली (नोबेल मिळायला १९९४ उजाडले!). त्यांच्याकडे काम करून आलेल्या पी. के. अय्यंगार यांनी मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) तिचा पाया घातला.

या थरथरीचा उपयोगही झाला. १९५८ साली सॅन डिएगोत पहिल्यांदा सुरू झालेल्या ट्रिगा जातीच्या भट्ट्यांत इंधनातच मुद्दाम झिर्कोनियम हायड्राइड मिसळलेले असते. इंधन तापले की थरथरणारा हायड्रोजन न्यूट्रॉनला तेवढाच ०.१४ चा धक्का देतो. न्यूट्रॉन वेगवान होतो, विखंडन मंदावते आणि चालकाने बोट न लावता भट्टी आवरते. दाबनळीचा वैरी इथे राखणदार झाला, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत देखणे प्रकरण वाटते.

रोजच्या तपासणीला मात्र न्यूट्रॉनचा झोत परवडत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने नळी न काढता तिच्या आतल्या भिंतीवरून धातूची बारीक कात्रण खरवडून आणण्याचे यंत्र केले. वरचा ऑक्साइडचा थर आधी काढायचा, मगच खालचा धातू घ्यायचा. कात्रण मिलिग्रॅमांत मोजायची, निर्वातात तापवायची आणि सुटलेला वायू वस्तुमान वर्णपटमापकात सोडायचा. खरे कसब मला त्या खरवडण्यातच दिसते.

लेझरची वाट वेगळी. कणभर धातूची वाफ करून तिचा प्रकाश पाहायचा. साध्या हायड्रोजनची लाल रेषा ६५६.२८ नॅनोमीटरला, ड्युटेरियमची ६५६.१० ला. १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरे यांनी ड्युटेरियम हुडकले ते असल्याच फरकावरून. जड पाण्याच्या भट्टीत हा फरक फार बोलका, कारण साधा हायड्रोजन मुख्यतः कारखान्यातून आलेला असतो आणि ड्युटेरियम नळी सेवेत असताना शिरलेले. पण हवेच्या दाबाखाली दोन्ही रेषा पसरून एकमेकींत मिसळतात, म्हणून दाब उतरवावा लागतो. नमुन्यावर दमटपणा राहिला तर तोही हायड्रोजन म्हणून मोजला जातो.

एवढे करूनही २०२१ मध्ये कॅनडातल्याच ब्रूस केंद्रात काही नळ्यांत, पाणी बाहेर पडणाऱ्या टोकाच्या सांध्याजवळ, हायड्रोजन परवान्यातल्या १२० पीपीएमच्या मर्यादेबाहेर निघाला. गणिती प्रारूपांचा अंदाज कमीचा होता.